चंबूतलं तूप

कल्याणला गाडी थांबली तेव्हा डॉक्टरने तुमची नाडी पाहिली, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते दाबून पाहिलं आणि मगच पुढे जाऊ दिलं. नाशिकरोडला उतरता तेव्हा दिवस कलला आहे. साल 1899, महिना ऑक्टोबर. स्टेशनाबाहेर घोड्यांची ट्राम उभी आहे. गाव अजून पाच-सहा मैल लांब. यंदा पावसाने दगा दिला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं करपलेली. ट्रामगाडीत कुणी कुणाला खेटून बसत नाही, आणि कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना वळतात.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती कुलपं. घरात उंदीर पडला की माणसं भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जातात, म्हणून वाडेच्या वाडे बंद आहेत. भगूरचे दामोदरपंत सावरकर आणि त्यांचे बंधू याच साली गाठीच्या तापाने गेले. मागे राहिलेली पोरं नाशकात आसऱ्याला आली. त्यांतही दोघांना प्लेगने गाठलं. तिळभांडेश्वराच्या गल्लीतून जाताना तुमच्या सोबतचा माणूस हे हळू आवाजात सांगतो, जणू मोठ्याने बोललं तर तापाला घर सापडेल.

ज्या वाड्यात तुमची उतरायची सोय आहे, तिथे ओसरीवर कंदील आहे आणि बोलणं तापलेलं आहे. घरातले वडीलधारे नाना वैद्यकी करतात. त्यांचा पुतण्या मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकतो. तो प्लेगची लस टोचून घेऊन आला आहे. दंड सुजलेला, अंगात कणकण. नानांनी त्याला अजून स्वयंपाकघराच्या आत घेतलेलं नाही.

“ते औषध वाढवतात म्हणे. कशात वाढवतात?” नाना विचारतात.

“मांसाच्या रसात, नाना.”

“कशाच्या मांसाच्या?”

“बोकडाच्या. आम्लात पचवून त्याचा रस काढतात. गाईचं नाही आणि डुकराचंही नाही. हाफकिनसाहेबांनी मुद्दाम तसं ठरवलं, हिंदूंना आणि मुसलमानांना दोघांनाही चालावं म्हणून.”

“आणि वर काय सोडतात म्हणालास?”

“तूप.”

ओसरीवर सगळे गप्प होतात. तुपाचा थेंब या घरात जेवणाआधी भातावर पडतो, समईत जळतो, होमात पडतो. ते चंबूत रोगजंतूंवर कशासाठी?

पुतण्या समजावून सांगतो, आणि तुम्ही नीट ऐका, कारण हा मुलगा खरं बोलतो आहे. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगतात. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीची लोलकं लोंबतात तसे. चंबू हलवला की लोलकं गळून तळाशी जातात आणि थेंबांखाली नवी वाढ सुरू होते. असं पाच-सहा आठवडे चालतं. मग सगळं तापवून जंतू मारतात, त्यात कार्बोलिक आम्ल घालतात, आणि ते मेलेले जंतू दंडात टोचतात. ज्यू घरात ओदेसाला जन्मलेला, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलेला हा वाल्देमार हाफकिन. त्याने 10 जानेवारी 1897 रोजी पहिली लस स्वतःला टोचून घेतली. दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टात, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा थाटली गेली आहे.

नानांचा प्रश्न तुम्हाला आज मागासलेला वाटेल. तसा तो वाटून घेऊ नका. नऊ वर्षांपूर्वी, 1890 साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे केला गेला आणि त्या एका कपावरून रानडे आणि टिळकांसारख्या माणसांना ग्रामण्याला, म्हणजे जातीतल्या बहिष्काराला, आणि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं. ज्या समाजात तोंडात काय गेलं यावरून पंगत तुटते, तिथे रक्तात काय गेलं हे विचारणं हा जबाबदार माणसाचा प्रश्न आहे. शिवाय नाना वैद्य आहेत. चरकसंहितेत मांसरसाचे किती प्रकार औषध म्हणून सांगितले आहेत ते त्यांना पाठ आहे. आपत्काळी काय चालतं तेही त्यांना ठाऊक आहे. औषध अशुद्ध आहे असं म्हणून ते विषय संपवत नाहीत. त्यांना कळायला हवं आहे की विचारणाऱ्याला उत्तर मिळतं की नाही.

उत्तर मिळत नव्हतं, हीच तर त्या तीन वर्षांतली खरी जखम. 4 फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला वाटेल ते करायची मुभा दिली. पुण्यात गोरे सोजीर बूट घालून देवघरापर्यंत गेले, बायकांची अंगं तपासली गेली, आणि 22 जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. लोकांच्या मनात सरकारचा दवाखाना आणि सरकारची सुई यांत फरक उरला नव्हता.

हाफकिन त्या सुईच्या बाजूचा असूनही वेगळा वागला. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी स्वतःहून तयार झाले त्यांनाच त्याने टोचलं, आणि मग टोचलेल्यांत किती आजारी पडले, न टोचलेल्यांत किती, याची वही ठेवली. आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतःचा दंड पुढे केला आणि मग ते लोक आले. धर्म आणि विज्ञान यांच्यात इथे जी तडजोड झाली तिची नीट जागा पाहून ठेवा. हाफकिनने चंबूतला पदार्थ बदलला. गाय वगळली, डुक्कर वगळलं, बोकड घेतला, तूप घेतलं. वहीतला आकडा मात्र कुणाच्याही भावनेसाठी बदलला नाही. मला वाटतं, धर्माला विज्ञानाकडून यापेक्षा मोठा मान देता येत नाही, आणि विज्ञानाने यापेक्षा जास्त काही देऊही नये.

पुतण्याला सांगू नका, पण तीन वर्षांनी पंजाबात मलकोवाल गावी एका बाटलीतल्या लशीने एकोणीस माणसं धनुर्वाताने मरतील. हाफकिनला कामावरून दूर केलं जाईल आणि 1907 साली तो निर्दोष ठरेल. तोवर जो विश्वास गेला, तो कुठल्या शास्त्र्याच्या विरोधाने गेला नव्हता.

नाना उठतात. पुतण्याला म्हणतात, “ताप उतरू दे. मग तुझी ती वही मला वाचून दाखव.”

आता एकशे दोन वर्षं पुढे या. गाव तेच, नदी तीच. पंचवटीतल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर, सकाळचे साडेसहा. शुक्रवार, 10 ऑगस्ट 2001. श्रावणातला शुक्रवार, म्हणजे जिवतीचा. चार दिवसांपूर्वीच त्र्यंबकची तिसऱ्या सोमवारची फेरी झाली आहे आणि घरात कुणाचे तरी पाय अजून सुजलेले आहेत. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवलेला आहे: वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मग पोराबाळांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली बुध-बृहस्पती. आघाडा आणि दूर्वांची माळ घातलेली आहे. आजी पुरणाचे दिवे करायच्या तयारीत आहेत.

फोन वाजतो. नातू अमेरिकेत असतो, पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत. तिकडे अजून गुरुवारची रात्र आहे.

“आजी, बुशचं भाषण चालू आहे. आमच्या कामाबद्दल.”

तुम्ही दुसऱ्या खोलीतल्या जोडफोनवर ऐकता. मूलपेशी म्हणजे शरीरातली अशी पेशी, जिचं अजून काही ठरलेलं नाही. ती पुढे हृदयाची होऊ शकते, मज्जातंतूची होऊ शकते. 1998 साली विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसनने माणसाच्या भ्रूणातून अशा पेशी काढून प्रयोगशाळेत वाढत्या ठेवल्या. मात्र पेशी काढताना पाच-सहा दिवसांचा भ्रूण संपतो. तो भ्रूण टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेला असतो, फ्रीझरमध्ये पडून असतो, तरी संपतो. तिथल्या कॅथलिक आणि इतर अनेक ख्रिस्ती लोकांच्या मते तो माणूस आहे. म्हणून राष्ट्राध्यक्षांनी मधली रेघ काढली: आज रात्री नऊपर्यंत ज्या भ्रूणांच्या पेशी काढून झाल्या आहेत, त्यांच्यावरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, नंतरच्यांना नाही.

“म्हणजे झालेलं पाप चालेल, होणारं नको,” आजी म्हणतात. त्या कुणाची टिंगल करत नाहीत. प्रायश्चित्ताचा विचार करणाऱ्या माणसाला ही रेघ लगेच कळते.

मग त्या नानांचाच प्रश्न विचारतात. “त्या पेशी वाढवता कशात रे?”

नातू थोडा थांबतो. “उंदराच्या पेशींच्या थरावर. आणि वरून सीरम घालतो.”

“कसलं?”

“वासराच्या रक्तातलं. गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या.”

पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही. आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे पडत राहतात.

सतरा दिवसांनी, घरोघर गणपती बसलेले असताना, अमेरिकेच्या आरोग्यसंस्थेने यादी जाहीर केली: 10 प्रयोगशाळा, 64 पेशीवंश. त्यांत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे 7 आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे 3. टेक्सासमधून आखलेल्या धार्मिक तडजोडीच्या रेघेत मुंबईच्या जोडप्यांचे उरलेले भ्रूण येऊन बसले. इथे फारशा कुणाला ते ठाऊक नव्हतं. (पुढे त्या 64 पैकी वीस-एकवीसच प्रत्यक्ष वापरायला मिळाले, आणि उंदराच्या पेशींवर वाढल्यामुळे ते माणसाच्या शरीरात घालायला कितपत सुरक्षित, ही शंकाही राहिलीच.)

आपल्याकडे यावरून मोठं वादळ उठलं नाही. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत 1987 साली झाला, आणि त्याच साली व्हॅटिकनने गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला माणूस मानावं असं लेखी सांगितलं. त्या वाटेने जाणाऱ्यांची भूमिका स्वच्छ होती. बाकीच्यांचं काय? चरक शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग झाला की त्यालाच गर्भ म्हणतो. गर्भोपनिषद एका रात्रीचं कलल, सात रात्रींचा बुडबुडा आणि अर्ध्या महिन्याचा पिंड सांगतं, पण जीव सातव्या महिन्यात आणतं. अनेक मुस्लिम धर्मशास्त्री एकशेवीस दिवस धरतात. मतं अनेक होती, आणि ती मांडून भांडायला हवं होतं. आम्ही भांडलो नाही. त्याला मी उदारपणा म्हणत नाही. आम्ही प्रश्नच ऐकला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मूलपेशींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं यायला 2007 साल उजाडलं. त्यांत भ्रूण चौदा दिवसांपुढे किंवा त्याच्यावर शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटण्यापुढे वाढवायचा नाही, असा नियम आला. तो 1984 च्या ब्रिटिश वॉरनॉक समितीचा. उपनिषदातला अर्धा महिना त्याच्या जवळ येतो हे वाचून उगाच हरखून जाऊ नका; एकाने ध्यानात बसून सांगितलं, दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, आणि दोन्ही आपापल्या जागी राहू द्यावेत.

फोन ठेवल्यावर आजी कागदावरच्या जरेकडे पाहतात. बृहद्रथाच्या दोन राण्यांनी अर्धा अर्धा आंबा खाल्ला, दोघींना अर्धं अर्धं मूल झालं, आणि चव्हाट्यावर टाकलेले ते तुकडे जरेने जोडले तेव्हा जरासंध रडला. ही गोष्ट त्या दर श्रावणात सांगतात. आज त्या ती सांगत नाहीत. दिवा उचलतात, पोरांना ओवाळतात आणि अमेरिकेतल्या नातवासाठी चारी दिशांना अक्षता टाकतात.

पुढचा मुक्काम जवळचा आहे: 2019 चा जानेवारी. तुमच्या मांडीवर चार वर्षांचं मूल आहे. ते अजून बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. नाशकातल्या डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली आहे. थेरपी सुरू आहे आणि फरक मुंगीच्या पावलाने पडतो आहे. कुणीतरी तुम्हाला माहितीपत्रक दिलं आहे. स्टेम सेलची इंजेक्शनं, काही लाखांचा खर्च. वर गणपतीचं चित्र छापलेलं.

त्याच आठवड्यात जालंधरला भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आहे, आणि आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू व्यासपीठावरून सांगतात की कौरव हे स्टेम सेल आणि टेस्ट ट्यूबच्या तंत्राने जन्मले. शास्त्रज्ञ निषेध करतात, आयोजक संस्था अंग काढून घेते. पण तुमच्या मोबाइलवर कुलगुरूंचं वाक्य पोचलेलं आहे, निषेध पोचलेला नाही.

आदिपर्वातली ती कथा तुम्हाला आठवतेच. गांधारीच्या पोटी लोखंडासारखा मांसाचा गोळा आला. व्यासांनी त्याचे एकशे एक भाग केले आणि तुपाने भरलेल्या कुंभांत ठेवले. कथा म्हणून तिच्यात काय ताकद आहे! आईच्या पोटाबाहेर, वाट पाहत, तुपात वाढणारी मुलं. मी ती लहानपणी ऐकली तेव्हा रात्रभर त्या झाकलेल्या कुंभांचा विचार करत होतो, आणि तिच्यावरचा माझा हक्क मी कुठल्याही कुलगुरूला देणार नाही.

परळच्या चंबूतही तूपच होतं. तिथे मात्र एक माणूस चंबू हलवून पाहत होता, थेंबाखाली वाढ झाली नाही तर तो चंबू टाकून देत होता, आणि तुरुंगात कोण जगलं, कोण मेलं ते लिहून ठेवत होता. हस्तिनापूरच्या कुंभांना अशी वही नाही, तिची गरजही नाही; ती कथा आहे. तिला प्रयोग म्हणणारा माणूस कथेचं भलं करत नाही आणि विज्ञानाचंही नाही. नुकसान मात्र तुमचं होतं, कारण ‘हे तर आपल्याकडे होतंच’ हे एकदा पटलं की माहितीपत्रकावर ‘सिद्ध कुठे झालं?’ असं विचारायला जीभ उचलत नाही. अमेरिकेत धर्माने या विज्ञानाची वाट अडवली. आपल्याकडे त्याने मिठी मारली, आणि त्या मिठीत पुरावा गुदमरला. मला ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची वाटते.

नियम काय होते? 2013 साली मार्गदर्शक तत्त्वं नव्याने आली तेव्हा त्यांच्या नावातला ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकला गेला; फक्त ‘संशोधन’ ठेवलं. 2017 च्या आवृत्तीनेही तेच सांगितलं: रक्ताच्या विकारांसाठीचं अस्थिमज्जा किंवा रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, बाकीचं बहुतेक सगळं मंजूर चाचणीतच करायचं, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. माहितीपत्रकावरची लाखांची रक्कम पुन्हा एकदा वाचा.

इथेच एक जोडून सांगतो, कारण नाशिकमध्ये राहून ते न सांगणं बरोबर नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, हाडं ठणकतात, पोरं शाळेतून गळतात. या आजारावर मूलपेशींचं विज्ञान खरोखर लागू पडतं: जुळणाऱ्या भावाबहिणीची अस्थिमज्जा मिळाली तर मूल बरं होऊ शकतं. तिथे कुणी माहितीपत्रक घेऊन जात नाही. पण शहरात बाळंतपणाच्या आधीच नाळेतलं रक्त साठवून ठेवायला दारात माणूस येतो. जिथे आपली नाळ पुरली ते गाव आपलं, असं मानणाऱ्या घरांत ती नाळ आता करार करून दूरच्या शीतपेटीत जाते, आणि आईबापांना वाटतं आपण बाळाचा विमा उतरवला. नाळेचं रक्त साठवायला परवानगी आहे. त्याचा स्वतःच्या बाळाला उपयोग होण्याची शक्यता फार थोडी आहे, हे कराराच्या पहिल्या पानावर छापलेलं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही माहितीपत्रक घडी करून ठेवता आणि मुलाला घेऊन थेरपीला जाता. उशीर झालेला आहे.

शेवटचा मुक्काम आजचा. कॉलेज रोडच्या आसपासचं एखादं वंध्यत्व उपचार केंद्र. मूल झालं आहे, आता सव्वा वर्षाचं आहे, आणि फ्रीझरमध्ये तुमचे तीन भ्रूण उरले आहेत. 2021 च्या कायद्याप्रमाणे ते जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. मग ते नष्ट होऊ द्यायचे, किंवा तुमच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. विकता येत नाहीत. टेबलावर कागद आहे आणि दोघांच्या सह्यांच्या जागा आहेत.

सोबत सासूबाई आल्या आहेत. त्या विचारतात, “नष्ट होऊ देणं म्हणजे काय करता तुम्ही? कुठे टाकता?”

समुपदेशक मुलगी गोंधळते. हा प्रश्न तिला कुणी शिकवलेला नाही. रामकुंडावर अस्थी कुठे सोडायच्या ते नाशकातल्या पोराटोरालाही माहीत आहे. याचं कुणालाच नाही. लहान बाळ गेलं तर पुरतात, ते सासूबाईंना ठाऊक आहे. हे त्याआधीचं, डोळ्यांना न दिसणारं. ती आत जाऊन डॉक्टरांना विचारून येते. बाहेर काढून ठेवले की काही वेळात वाढ थांबते आणि मग जैविक कचऱ्याच्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतात, असं खरं खरं सांगते. सासूबाई मान हलवतात. त्यांना उत्तर आवडलेलं नाही, पण मिळालेलं आहे.

“आणि संशोधनाला दिलं तर?” तुम्ही विचारता.

“तर त्यावर पेशी वाढवून प्रयोग करतात. चौदा दिवसांच्या आत.”

“कशात वाढवतात? आणि त्याचं पुढे काय झालं, हे आम्हाला कोण कळवेल?”

ती वहीत तुमचे दोन्ही प्रश्न लिहून घेते. म्हणते, विचारून दोन दिवसांत फोन करते. तुम्ही कागद सही न करता पिशवीत ठेवता आणि सासूबाईंना म्हणता, “चला आई, बाळ उठलं असेल.”